बक्कल म्हणजे गाठ की कुलूप

माझ्या नातवाची नवी गाडी फार आगाऊ आहे. आपण बसून पदर नीट करतो न करतो तोच तिची टुंग टुंग सुरू होते, आणि पट्टा लावेपर्यंत ती गप्प बसत नाही. एवढी भुणभुण मी माझ्या नवऱ्यामागे लावली असती, तर त्या माणसाचं काहीतरी भलं झालं असतं.

पहिल्यांदा त्या गाडीत बसले तेव्हा नातू माझ्या अंगावरून वाकून पट्टा ओढायला लागला. म्हातारीला काय कळणार, हा त्याचा समज. मी त्याच्या हातावर चापट मारली. पट्टा स्वतः घेतला, त्याचा पीळ काढून सपाट केला, पोटाच्या खाली, कमरेच्या हाडांवर बसवला, खटका लावला आणि जो सैल उरला होता तो वर ओढून घेतला. नातू बघतच राहिला. त्याची आई, म्हणजे माझी थोरली लेक, मागच्या सीटवर पट्टा न लावता खुशाल शेंगदाणे खात होती.

"आजी, हे तुला कुणी शिकवलं?"

"तुझ्या आईनं," मी म्हटलं. "पोटात होती तेव्हा."

लेकीनं मागून नुसतं हुं केलं. तिला ही गोष्ट माहीत आहे, पण अर्धीच. म्हणून आता सगळी लिहून ठेवते.

पन्नासच्या दशकातली शेवटची वर्षं होती. वाशिम तेव्हा जिल्हा नव्हता, आम्ही सगळे अकोल्यातच मोडायचो. माझं सासर किन्हीराजा आणि माहेर इंझोरी. नकाशात पाहिलं तर दोन्ही गावं बोटाच्या एका पेरात मावतात. पण नकाशात खड्डे दाखवत नाहीत. बैलगाडीनं माहेरी पोहोचलं की आधी आपले सगळे अवयव जागेवर आहेत का ते बघावं लागायचं.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हा नियम. सातव्या महिन्यात मला न्यायला हवं होतं. पण तेव्हा कापूस वेचणीला आला आणि सासरच्यांना माझे हात सोडवेनात. आठव्यात बाईनं वेस ओलांडायची नाही, म्हणून तो महिनाही गेला. नववा लागला तेव्हा मी एवढी फुगले होते की उंबऱ्यात उभी राहिले तर घरात अंधार व्हायचा. गावातल्या झाडून साऱ्या बैलगाड्या कापूस घेऊन बाजाराला लागलेल्या. तेव्हा आमच्या ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी स्वतःच्या डोक्यानं केलं. शेलूबाजारातून जीप ठरवून आणली.

ही जीप लढाईतली. मिलिटरीनं लिलावात काढलेली. तिचं स्टिअरिंग डाव्या बाजूला होतं आणि दारं कुठल्याच बाजूला नव्हती. मागं दोन आडव्या फळ्या, बरोबर चाकांवर. त्या फळ्यांवर बसणारा माणूस अर्धा प्रवास हवेत करायचा. माझ्यासारखीला पुढच्या सीटशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि पुढच्या सीटवर उजवीकडं सगळं उघडं. तिथं ड्रायव्हरनं एक जाड खाकी पट्टा सीटच्या लोखंडाला नटबोल्टानं पक्का केला होता. दुसऱ्या टोकाला बक्कल.

ड्रायव्हर शेलूबाजारचाच. लढाईत ब्रह्मदेशाकडं साहेबांच्या गाड्या चालवून आलेला, आणि दर दोन वाक्यांनंतर ब्रह्मदेशात जाऊन येणारा. मागच्याच साली त्याच्या जीपमधून एक कापसाचा दलाल वळणावर बाहेर सांडला होता. दलाल बाभळीत पडला, काटे निघाले, जगला. पण पुढं कित्येक दिवस दलालाच्या बायकोनं शेलूबाजाराच्या भर चौकात ड्रायव्हरचा जो उद्धार केला, त्यानंतर त्यानं हा पट्टा बसवला. त्याचा नियम एकच होता.

"माह्या गाडीत समोर बसाचं असन, तं पट्टा लावाचा. नाही तं उतरा."

स्वतः मात्र तो कधी लावत नसे. स्टिअरिंग धरणाऱ्याला देव धरतो, असं काहीतरी त्याचं म्हणणं होतं.

आता माझी सासू. मी तिला आत्याबाई म्हणायचे. उंच, काटक बाई. आवाज असा की अंगणात बोलली तर वावरातली पाखरं उडायची. मी तिला भ्यायचे आणि ती पाठमोरी झाली की तिची हुबेहूब नक्कल करायचे. मला सोडायला तीच येणार होती आणि त्याच जीपनं संध्याकाळी परत जाणार होती. माझ्या माहेरी मुक्काम करण्याची तिला हौस नव्हती. आमच्याकडचं वरण पातळ असतं, असं तिचं ठाम मत होतं.

मी जीपमध्ये चढले. ड्रायव्हरनं बक्कल पुढं केलं. आत्याबाई तीरासारखी आली.

"बांधाचं नाही. दिवस भरेल बाईले कोनी गाठ लावते काय?"

आमच्या भागात बाळंतपणाच्या वेळी घरातली गाठ न् गाठ सोडतात. वेण्या मोकळ्या करतात, पोत्यांची तोंडं उघडतात, पेट्यांची कुलपं काढतात. कुठं एक गाठ राहिली तर मूल अडतं, अशी समजूत. तेव्हा नऊ महिन्यांच्या पोटावरून पट्टा बांधणं म्हणजे सासूच्या हिशेबी सरळ सरळ नातवंडाचा रस्ता अडवणं होतं.

"गाठ कुठी हाय मावशी?" ड्रायव्हर म्हणाला. "बक्कल हाय थे. खट करून लागते, खट करून निघते."

आत्याबाईनं बक्कल हातात घेतलं. उलटंपालटं केलं. लावून पाहिलं, काढून पाहिलं, पुन्हा लावून पाहिलं. तोवर अर्धी गल्ली गोळा झाली होती आणि मी उन्हात त्या सीटवर देवळातल्या मूर्तीसारखी बसून होते.

"मंग हे कुलूप झालं," तिनं निकाल दिला. "गाठीपरीस वाईट."

यावर गल्लीत बरीच चर्चा झाली. बक्कल म्हणजे गाठ की कुलूप, यावर दोन तट पडले. कुलपाला किल्ली असते, ह्याला नाही, म्हणून हे कुलूप नव्हे, असं एका गटाचं म्हणणं. दुसरा गट म्हणे, अडकतं ना? मग झालं. शेवटी सगळ्यांनी आमच्या ह्यांच्याकडं पाहिलं.

"आईचं बी बराबर हाय," हे म्हणाले, "अन् ह्याईचं बी बराबर हाय." आणि करंज्यांचा डबा घेऊन मागच्या फळीवर जाऊन बसले.

ड्रायव्हर चिडला. तो म्हणाला, मावशी, तुमच्या असल्या गोष्टींनी बाई रस्त्यात पडेल आणि नाव माझं होईल. असल्या गोष्टी म्हटल्याबरोबर आत्याबाईचा आवाज एकदम खाली आला. तो मी त्याआधी कधी खाली आलेला ऐकला नव्हता.

"माह्यं पयलं पोट्टं अडलं भाऊ," ती म्हणाली. "साऱ्या घरातल्या गाठी सोडल्या होत्या माह्या मायनं. मंग सारं झाल्यावर पाह्यलं, तं माह्याच पदराच्या कोपऱ्याले सुपारी बांधेल होती. कोनाच्या ध्यानात नाही आली."

ह्या मुलाबद्दल मला कुणी कधीच सांगितलं नव्हतं. माझा नवरा तिचं पहिलं मूल, असंच मी समजत होते. मी मागं वळून त्यांच्याकडं पाहिलं तर ते डब्याच्या झाकणाकडं बघत होते.

ड्रायव्हर बराच वेळ जीपच्या बॉनेटवर बोटानं रेघा ओढत राहिला. त्यालाही पट्ट्याशिवाय मला न्यायची छाती होत नव्हती. मग आत्याबाईच बोलली.

"बांधू नोका. मी धरीन."

आणि तिनं धरलाच. पट्टा उजवीकडून माझ्या अंगावरून डावीकडं आणला, दोन सीटांमधल्या लोखंडी दांडीला वळसा घालून मागं नेला, आणि मागच्या फळीवर बसून तिनं त्याचं टोक आपल्या उजव्या मुठीवर गुंडाळून घेतलं. ना गाठ, ना कुलूप. फक्त सासू. मला मनातून हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि त्या दिवसांत मला दोन्ही एकदमच यायचं.

आता पट्टा कुठून जावा, हा प्रश्न राहिला. आत्याबाई म्हणाली पोटाच्या वरून, छातीखाली. तसा घेतला तर मला श्वास घेता येईना. ड्रायव्हर म्हणाला बरोबर मधोमध, आपण कापसाचं गाठोडं मधोमधच आवळतो ना? मधोमध घेतला तर पोटातून अशी सणसणीत लाथ आली की पट्टा उडाला, सगळ्यांनी पाहिलं. मग मीच तो खाली सरकवला, पोटाच्या खाली, मांड्यांच्या वर, जिथं हाड लागतं तिथं. आतली मंडळी शांत झाली.

"इतका खाली कायले?" ड्रायव्हर म्हणाला.

"तुमच्या गाठोड्याले पाय नसतेत," मी म्हटलं. सासूसमोर परक्या माणसाशी एवढं बोलण्याची ती माझी पहिलीच वेळ. आत्याबाईनं फक्त पट्टा एकदा ओढून पाहिला, बैलाचा कासरा ओढावा तसा.

हे ओढून पाहणं मग रस्ताभर चाललं. जरा कुठं पट्टा सैल वाटला की मागून हिसका. मी वैतागून गेले. एका हिसक्याला मी तोंडातल्या तोंडात तिला काय म्हणाले, ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेलूबाजारात बाजाराचा दिवस होता. गाडी थांबली, भज्यांचा वास आला, हे उतरले. आत्याबाई उतरली नाही. पाणी प्यायलाही तिनं मूठ सोडली नाही. डाव्या हातानं प्यायचं तर तिला ते अशुभ वाटलं, म्हणून ह्यांनी भर बाजारात आईच्या तोंडात तांब्यानं पाणी ओतलं. लोक बघत होते. निम्मं पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं आणि त्याबद्दल ह्यांना जे ऐकावं लागलं ते सगळ्या बाजारानं ऐकलं.

शेलूबाजार सोडल्यावर काही वेळानं एका नाल्याचा उतार लागला. खाली दगडी रपटा, म्हणजे बिनकठड्याचा बुटका पूल, दोन्ही बाजूंना तुरीची वावरं. ड्रायव्हर पुन्हा ब्रह्मदेशात पोहोचला होता. तिथल्या एका डोंगराचा उतार सांगण्यासाठी त्यानं मान मागं वळवली, आणि तेवढ्यात तुरीतून रोही निघाला. नीलगाईचा तो नर, घोड्याएवढा, उडी मारून थेट गाडीपुढं. ड्रायव्हरनं ब्रेकवर उभं राहून स्टिअरिंग फिरवलं. जीप रस्ता सोडून रपट्याच्या कडेच्या दगडावर जाऊन आदळली.

मी सगळीच्या सगळी पुढं गेले. डोकं पुढं गेलं, हात पुढं गेले, पोट पुढं गेलं, आणि मग कमरेची दोन्ही हाडं कुणीतरी मागून गच्च धरली. मी तिथंच राहिले. पुढच्या लोखंडाला माझं पोट टेकलंसुद्धा नाही. मागं कडकन काहीतरी वाजलं. मला वाटलं, फळी मोडली.

धूळ बसली तेव्हा असं दिसलं. रोही नाल्यापलीकडं उभा राहून आमच्याकडं बघत होता. ज्याला देव धरणार होता त्या ड्रायव्हरचे पुढचे दात स्टिअरिंगवर आपटून गेले होते. आमचे हे पुढं येऊन दोन सीटांच्या मधे पालथे पडले होते आणि त्यांनी करंज्यांचा डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. एकही करंजी मोडली नव्हती. आणि आत्याबाईची मूठ दांडीपाशी अडकली होती, पट्ट्याखाली, मनगट भलत्याच बाजूला वळलेलं.

तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती माझ्या पाठीशी तोंड आणून विचारत होती, "सोडू काय आता? सूनबाई, सोडू?"

मी सांगेपर्यंत तिनं सोडला नाही.

जीप चालत होती, हे त्या गाडीचं नशीब. उरलेल्या रस्त्यात ड्रायव्हरनं ब्रह्मदेशाचं नाव काढलं नाही. इंझोरीला पोहोचलो तर माझी आई आरती घेऊन दारात उभी, आणि खाली उतरतंय कोण, तर तोंडाला फडकं लावलेला ड्रायव्हर, हात पोटाशी धरलेली विहीण आणि डबा घेतलेला जावई. आईच्या हातातलं ताट वाकडं झालं.

गावातला हाडं बसवणारा आला. त्यानं आत्याबाईचं मनगट ओढून सरळ केलं. ती ओरडली नाही, फक्त त्याच्या सात पिढ्यांचा उल्लेख केला. मग त्यानं बांबूच्या कामट्या लावल्या, त्यावर धडप्याच्या चिंध्या आवळल्या, आणि सांगितलं, काही झालं तरी हे सोडायचं नाही, नाहीतर हाड वाकडं बसेल. परत जायचा बेत अर्थातच राहिला. विहीणबाईंना मुक्काम करावा लागला. रात्री त्यांनी वरणाची चव घेतली आणि आईकडं नुसतं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पोटात कळा सुरू झाल्या.

सुईण आली आणि घरात गाठी सोडायचं सत्र सुरू झालं. माझे केस मोकळे केले, आईनं आपले केले, दोघीतिघी शेजारणींनीही केले. धान्याच्या पोत्यांची तोंडं उघडली. पेट्यांची कुलपं निघाली. गोठ्यातल्या बैलांची दावी सोडली, तर ते थेट शेजाऱ्याच्या तुरीत गेले आणि तिकडून वेगळीच आरडाओरड सुरू झाली. माझ्या वडिलांना सुईणीनं धोतराच्या गाठीबद्दल विचारलं. वडील घर सोडून मारुतीच्या पारावर जाऊन बसले. मी आत कळा देत होते आणि मधेच हसत होते, त्यामुळं सुईण माझ्यावर चिडत होती.

दुपार झाली तरी काही होईना. माझं हसणं संपलं. सुईणीचा चेहरा बदलला, तो मी पाहिला. ती आईला हळूच म्हणाली, "अजून एखादी गाठ राह्यली असन. पाहा कुठी तं."

आई घरभर फिरून आली. खोलीच्या दाराशी आत्याबाई बसली होती. ती सकाळपासून तिथून हलली नव्हती. मी पाहिलं, तिनं आपल्या हाताकडं पाहिलं. कुणी काही म्हटलं नव्हतं. कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

तिनं दातांनी पहिली गाठ सोडायला घेतली.

"विहीनबाई, नोका सोडू," आई धावली. "हात वाकडा होईन."

"हे बी गाठच होय," आत्याबाई म्हणाली, आणि तोंडातली चिंधी थुंकून दुसऱ्या गाठीला दात लावले.

एकेक चिंधी सुटली. कामट्या जमिनीवर पडल्या, त्यांचा आवाज मला आत ऐकू आला. तिचा हात मांडीवर पडला तो कसा पडला, ते मी सांगणार नाही. त्या दिवशी मी पुष्कळ ओरडले. ती ओरडली नाही. मला मात्र एवढंच वाटत होतं की ह्या बाईसमोर आपण मरायचं नाही. ही आपल्याला मेल्यावरही नावं ठेवेल.

दिवस मावळायच्या आधी पोरगी झाली. गाठी सुटल्या म्हणून झाली नाही, हे मला तेव्हाही कळत होतं आणि आजही कळतं. पट्टा बरोबर जागी होता आणि घट्ट होता, म्हणून ती वाचली. पण हे मी त्या घरात कुणालाच सांगितलं नाही. आत्याबाईनं डाव्या हातानं लेकीचा चेहरा उघडला आणि बघून म्हणाली, "जीपमंदी बसून आली. आता पायी जाची नाही ही." हे खरं ठरलं. माझी लेक कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा गाडीनं जाते.

हात वाकडाच बसला. त्या हातानं आत्याबाईला पुढं कधी भाकरी थापता आली नाही. त्या मी थापल्या आणि ती चुलीपाशी बसून त्यांना नावं ठेवत राहिली, कितीतरी वर्षं. बोट दाखवायची तेही त्याच हातानं, त्यामुळं ती मला बोलली की बोट शेजारणीकडं जायचं. शेजारीण दोन वेळा भांडायला आली.

एकदा भाकरी थापता थापता माझ्या तोंडून निघून गेलं. म्हटलं, "आत्याबाई, तवा बक्कल लावलं असतं, तं तुमचा हात वाचला असता."

तिनं डाव्या हातानं चुलीतलं लाकूड पुढं सरकवलं. मला वाटलं, ऐकलं नसेल.

"बक्कलाले काय मालूम," ती म्हणाली, "तू कोन होय थे."

मग त्या वाकड्या बोटानं तव्याकडं दाखवायला गेली, ते शेजारच्या भिंतीकडं गेलं. "भाकर करपून राह्यली. तिकडं पाह्य."